‘घरचं भांडण’ म्हणून सोडलेली मारहाण: ती का होते आणि गाव ती कशी रोखू शकतं

भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणून नवरा-बायकोच्या भांडणावर पडदा टाकायची आपल्याकडे रीत आहे. पण भांडण आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडणात दोघांनाही बोलता येतं, दोघांनाही रुसता येतं. मारहाणीच्या घरात एक माणूस कायम दुसऱ्याचा अंदाज घेत जगत असतो: गाडीचं स्टँड कसं लावलं, ताट सरकवलं की आपटलं, आज बोलायचं की गप्प बसायचं. मुलंही तेच शिकतात आणि बाप आला की दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या 25.2 टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा कधी ना कधी सोसल्याचं सांगितलं. म्हणजे साधारण चौघींत एक. देशाचा आकडा 29.3 टक्के आहे. त्याहून बोलका आकडा पुढचा. देशात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितलेल्या फक्त 14 टक्के, आणि 77 टक्के बायकांनी मदत मागितली नाहीच, शिवाय कुणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मदत मागितली त्यांच्यातल्या बहुतेक माहेरी गेल्या. पोलिसांपर्यंत पोचलेल्या फारच थोड्या. त्यामुळे ‘कायदा कडक करा’ एवढ्यावर थांबणारी चर्चा मुळात चुकीच्या दारावर उभी असते. बाई पहिल्यांदा बोलते ती आईशी, बहिणीशी, शेजारणीशी, आशाताईशी. तिथे तिला काय उत्तर मिळतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

दारू, राग, गरिबी: अर्धं खरं

कारण विचारलं की पहिलं उत्तर येतं, ‘पितो ना तो.’ दारूचा संबंध आहेच. त्याच सर्वेक्षणात वारंवार झिंगणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकी सुमारे 70 टक्के बायकांनी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती. पण अजिबात न पिणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांतही हे प्रमाण 23 टक्के होतं. दारूने हात सैल होतो, मार जबर बसतो, जखम मोठी होते. मारायचा हक्क आहे ही समजूत मात्र बाटलीतून येत नाही. प्यालेला माणूसही मुकादमाला मारत नाही, हवालदाराला मारत नाही, पतसंस्थेच्या वसुलीवाल्याला मारत नाही. घरी येईपर्यंत तो नीट चालत येतो आणि मारतोही अनेकदा पाठीवर, मांडीवर, पदराखाली झाकलं जाईल अशा जागी. रागाचंही तसंच. ज्याला साहेबासमोर राग गिळता येतो, त्याला घरीही गिळता येतो. घरी त्याची गरज त्याला वाटत नाही, इतकंच.

गरिबीने ताण वाढतो हे खरं. पण सदनिकेच्या बंद दारामागे आणि बंगल्यातही मारहाण होते. तिथे भिंती जाड असतात आणि अब्रूची भीती जास्त, म्हणून ती उशिरा बाहेर येते.

मग मूळ कुठे आहे? एक मूळ म्हणजे परवानगी. सर्वेक्षणात बायकांना आणि पुरुषांना सात प्रसंग सांगून विचारलं होतं, अशा वेळी नवऱ्याने मारणं बरोबर आहे का? न सांगता बाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, उलट बोलणं, शरीरसंबंधाला नकार, स्वयंपाक नीट न करणं, चारित्र्याचा संशय, सासू-सासऱ्यांचा अनादर. यातल्या किमान एका कारणासाठी मारणं योग्य, असं देशातल्या 45 टक्के बायकांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितलं. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आहेत, इथे जरा थांबायला हवं. ‘तिचंही काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य पुरुषांइतकंच बायकाही बोलतात. मारणाऱ्याला आपण एकटा नाही हे ठाऊक असतं. वाडी, भावकी, कधी तर तिचं माहेरसुद्धा मनातून आपल्या बाजूला आहे, असा त्याचा हिशेब असतो.

दुसरं मूळ म्हणजे जायला जागा नसणं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांच्या केरळातल्या अभ्यासाने हे फार स्वच्छ दाखवलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या विवाहित बायकांत ज्यांच्या नावावर ना जमीन ना घर, त्यांच्यापैकी 49 टक्के बायकांनी शारीरिक हिंसा सोसली होती. फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असलेल्यांत 10 टक्के आणि दोन्ही असलेल्यांत 7 टक्के. घर नावावर असलं की बाईला रोज निघून जावं लागत नाही. ती जाऊ शकते, किंवा त्याला जायला सांगू शकते, हे दोघांनाही माहीत असतं. आपल्याकडे शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’तून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला लावला, सरकारने ‘घर दोघांचे’ म्हणत ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर दोघांची नावं घातली, ते याच दिशेचं काम. मात्र गावच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर नाव लागणं म्हणजे पक्की मालकी नव्हे, तो मुळात कर आकारणीचा कागद. सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतात नाव असेल तर ते जास्त टिकतं.

तिसरं मूळ घरातलंच. ज्या मुलीने लहानपणी आईला मार खाताना पाहिलं, तिच्या वाट्याला पुढे तेच येण्याचा धोका जास्त असतो. मारणारे बरेच पुरुषही अशाच घरांतून येतात. सगळे नाही, उलट काही मुलगे ते बघूनच ठरवतात की आपण असं करायचं नाही.

सासूबद्दल थोडंसं. ‘बाईच बाईची शत्रू’ हे वाक्य ऐकायला चटकदार, पण त्यातून काही कळत नाही. ज्या बाईच्या नावावर आयुष्यभर काही नव्हतं, तिची घरातली सत्ता मुलाच्या मार्फत चालते. सून आणि मुलगा जवळ आले की ती सत्ता जाते. त्यामुळे म्हातारपणी तिच्या हातात स्वतःचे पैसे किंवा पेन्शन असणं हा सुनेच्याही सुरक्षिततेचा भाग आहे.

शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हा

पहिली गोष्ट: मध्ये पडा, पण एकट्याने आणि तावातावाने पडू नका. दोघे जण जा. दार वाजवा आणि काहीतरी साधं काम सांगा. ‘वहिनी, आईने बोलावलंय’, ‘लाइट गेली का तुमच्याकडे?’, ‘दादा, गाडी जरा काढता का?’ बस. ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम चालवली ती याच कल्पनेवर. घंटी वाजली की मारणाऱ्याला कळतं, बाहेर ऐकू जातंय. अनेकदा त्या क्षणापुरता हात थांबतो. ‘बायकोला मारतोस, लाज नाही वाटत?’ असं सगळ्यांसमोर ऐकवलंत, तर तो अपमान तो रात्री तिच्यावरच काढतो. शस्त्र असेल, आग लावायची धमकी असेल, लेकरू आत अडकलं असेल तर दार वाजवत बसू नका, 112 लावा.

दुसरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची, आणि ती जास्त महत्त्वाची. नळावर, गिरणीत, शेताच्या बांधावर, ती एकटी असेल तिथे तिच्याशी बोला. जावेसमोर नको, मुलांसमोर नको. फोनवर मेसेज तर नकोच, तो फोन त्याच्या हातात जातो. बोलायचं थोडंच: ‘काल ऐकलं मी. तुझं काही चुकलं म्हणून हे होत नाहीये. तू म्हणशील तेव्हा मी बरोबर येईन.’ मग थांबा. ‘सोडून दे त्याला’ हेही सांगू नका आणि ‘लेकरांकडे बघून सहन कर’ हेही नाही. पहिलं ऐकून ती तुमच्याशी बोलणं टाळेल, कारण सोडायची तिची तयारी झालेली नसते. दुसऱ्याने तिची उरलीसुरली वाटही बंद होते. निर्णय तिचा, कारण त्याची किंमत तीच मोजणार असते. घर सोडायचं ठरतं तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघायची नाही. त्याने गळा आवळला असेल, ठार मारीन किंवा स्वतःला संपवीन म्हणत असेल, गरोदरपणात मारत असेल, मार दर वेळी वाढत असेल, संशय इतका की फोन आणि येणं-जाणं तपासतो, घरात कोयता किंवा रॉकेल दाखवून धमकावतो. गळा आवळल्याच्या बऱ्याच वेळा बाहेरून खुणा दिसत नाहीत. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. आतली सूज काही तासांनीही श्वास अडवू शकते.

तयारीची पिशवी आधीच कुणाच्या तरी घरी ठेवलेली बरी. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, औषधं, मुलांचा एक जोड कपडा आणि थोडे रोख पैसे. दागिन्यांची यादी फोटोसकट बहिणीकडे किंवा मैत्रिणीकडे असावी. स्त्रीधन परत मागताना हीच यादी कामाला येते. एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा. ‘आज मेथी नाही मिळाली’ असा फोन आला की शेजारणीने काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं. 181 या महिला हेल्पलाइनला फोन केल्यावर कॉल यादीतून तो नंबर काढायलाही सांगा.

कायदा, जेवढा हाताशी हवा तेवढा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. तो मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. नवऱ्याला तुरुंगात घालणं हा त्याचा पहिला उद्देश नाही. बाईला घरातून काढू नये, मारहाण थांबावी, खर्च मिळावा, मुलांचा ताबा मिळावा, असे आदेश त्यातून मिळतात. मारहाणीबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक हिंसाही त्यात येते. पगार काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, नोकरी सोडायला लावणं हे आर्थिक. फक्त बायकोच नाही, तर बहीण, आई, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी बाई, सगळ्यांना तो लागू आहे.

या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतात. अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिच्या वतीने दुसरा कुणीही तो देऊ शकतो. ती सध्या जिथे राहते, अगदी तात्पुरती माहेरी असली तरी, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून अर्जातच कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागायचा, हे वकिलाला आठवणीने सांगावं. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. जे शेजारी ‘आपल्यावर येईल’ म्हणून मागे सरतात त्यांच्यासाठी कलम 4: चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही.

छळाच्या फौजदारी गुन्ह्यासाठी आधी भारतीय दंड संहितेचं कलम 498-अ होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमं 85 आणि 86 आहेत. वकील मोफत हवा असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जायचं. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तो मागितला तर हे सांगायचं.

तडजोडीचा कागद

गावात सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली. बांधाचे, पैशाचे अनेक वाद तिने गावात मिटवले. पण मारहाण हाही त्यातलाच एक ‘तंटा’ धरला की गडबड होते. बैठक बसते, दोन्ही बाजूंची माणसं येतात. नवऱ्याकडचे बारा, तिच्याकडचा बाप आणि मामा. बाईला सगळ्यांसमोर विचारतात, ‘बोल, काय त्रास आहे?’ समोर नवरा, दीर, सासरा बसलेले. ती काय बोलणार? मग कागद होतो: ‘यापुढे पत्नी सासू-सासऱ्यांशी नीट वागेल, वेळेवर स्वयंपाक करील व पती तिला मारहाण करणार नाही.’ खाली अंगठे, सह्या, पंच. आणि तिला ‘नांदायला’ पाठवतात.

त्या एका वाक्यात सगळं बिघडलेलं आहे. मार न मिळणं हे तिच्या वागण्याच्या अटीवर बांधलं. उद्या भाकरी करपली की त्याच्याकडे पंचांच्या सहीचं कारण तयार. लिहायचंच असेल तर मारहाण थांबवण्याला कसलीही अट जोडू नये. ती कुठे राहणार हे तिने सांगावं. खर्चाची रक्कम आणि तारीख आकड्यात असावी. पुन्हा मारलं तर कुठे तक्रार करायची हे नावानिशी असावं. आणि तिचे कायदेशीर हक्क शाबूत आहेत असं एक वाक्य असावं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला कुणीतरी तिला एकटीला भेटावं. हाडं मोडली असतील, जाळायचा प्रयत्न झाला असेल, लैंगिक अत्याचार असेल किंवा मार खाणारी अल्पवयीन असेल, तर बैठक बसवूच नये, सरळ पोलिसांत जावं.

हे नीट कसं करतात ते बघायचं असेल तर पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर 1984 मध्ये पहिला कक्ष सुरू केला. तिथे बसतात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. त्या आधी बाईला एकटीला भेटतात, तिला काय हवंय ते विचारतात, आणि मगच त्याला बोलावतात. दवाखान्याच्या बाजूने असंच काम ‘दिलासा’ने केलं; मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने 2000 मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू केलं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणारी पण डोळ्याखाली काळी झालेली, किंवा ‘चुकून’ विषारी औषध प्यालेली बाई येते, तिला आडोशाला नेऊन सरळ विचारायचं: ‘घरी कुणी मारतं का?’ आशाताई आणि नर्सबाईंना हा एक प्रश्न एकांतात विचारायला शिकवलं, तरी खूप घरांतली गोष्ट पहिल्यांदा बाहेर येते.

ग्रामसभा, बाटली आणि मुलगे

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. ती खरीखुरी भरवली तर तिथे तीन गोष्टी ठरवता येतात: मारहाण हा गावात घरचा प्रश्न मानला जाणार नाही असा ठराव, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या दोघी आणि गावात ज्यांचा शब्द चालतो असे दोन पुरुष मिळून सहा जणांचा गट, आणि 181, 112 व संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर कुठे लावायचा. नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला तर तो उतरवून घेणारी बाई चारचौघांना दिसते. उपकेंद्रातल्या तपासणीच्या खोलीत आणि बायकांच्या शौचालयात आतल्या बाजूने लावा.

ठरावाने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी शिरोळ तालुक्यातलं हेरवाड बघावं. 4 मे 2022 ला त्या गावाने विधवेचं मंगळसूत्र तोडणं, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ठरावाला शिक्षेचं बळ नव्हतं. पण ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याचा रोख त्याने उलटा केला.

दारू बंद करायची असेल तर ‘आडवी बाटली’ची, म्हणजे बायकांच्या मतदानाने दुकान बंद करायची वाट आहे. गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन राज्य उत्पादन शुल्क विभागाला दिलं की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. इथेच अनेक गावं हरतात. मतदार यादीत मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्यांची, ऊसतोडीला गेलेल्यांची नावं तशीच असतात आणि ती सगळी विरोधात मोजल्यासारखी होतात. म्हणून आधी यादी दुरुस्त करा. ऊसतोडीची माणसं गावी असतील तेव्हाचीच तारीख मागा. दुकान बंद झाल्यावर दुचाकीवरून पिशव्या येऊ लागतात, त्यावर लक्ष ठेवायला पोलीस पाटील बरोबर हवेत. आणि दारू गेली म्हणजे मारहाण गेली असं धरून बसू नका. वर दिलेला 23 टक्क्यांचा आकडा विसरू नका.

पुरुषांबरोबर काम करायचं तर भाषणाने होत नाही. मुंबईत 1993 मध्ये सुरू झालेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना तरुण मुलग्यांबरोबर गप्पा, नाटक, शिबिरं असं काम करते. महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समानतेचे तास घेण्याचा प्रयोगही इथे झाला, आणि क्रिकेट शिकवणाऱ्यांमार्फत मुलग्यांशी बोलण्याचाही. गावात हे काम कबड्डीचा वस्ताद किंवा गणेश मंडळाचा अध्यक्ष जास्त चांगलं करतो, कारण मुलगे त्याचं ऐकतात. मित्राने ‘काल दिली तिला एक’ म्हटलं तर हसायचं नाही, एवढं जरी त्याच्या संघात रुजलं, तरी त्या परवानगीला पहिला तडा गेला.

काम सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात तक्रारी वाढतील, आणि कुणीतरी म्हणेल, ‘तुमच्या समितीने गावात भांडणं लावली.’ महाराष्ट्राचा आकडाही आधीच्या सर्वेक्षणातल्या 21.3 वरून 25.2 वर गेला. त्यात मार किती वाढला आणि बोलणं किती वाढलं, हे त्या एका आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. म्हणून समितीने तक्रारींची संख्या मोजण्यापेक्षा दुसरं मोजावं: पहिला मार आणि पहिलं सांगणं यात किती वर्षं गेली? नावं न लिहिता, वहीत प्रत्येक प्रकरणासमोर हा एक आकडा टिपायचा. सात वर्षांवरून तो दोनवर आला, दोनवरून काही महिन्यांवर, तर तक्रारी कितीही वाढलेल्या असोत, काम बरोबर चाललंय.